ग्रामपंचायतीचं ऑडिट लागलंय, जुने शक माझ्या गळ्यात येतील का? – सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न वाचला. चोपडा तालुक्यातली छोटी ग्रामपंचायत, तुम्ही नव्याने सरपंच झाल्या, मागच्या बॉडीच्या काळातलं ऑडिट आता लागलंय, दप्तर अर्धंच हातात आलंय, जुन्या रिपोर्टातले शक (म्हणजे ऑडिटरने काढलेले आक्षेप) तसेच पडलेत आणि गावात दोन प्रकारचे सल्ले चालू आहेत. एक म्हणतो सह्या करून मोकळ्या व्हा, दुसरा म्हणतो ऑडिटसाठी काहीतरी सोय करावी लागते. मी स्थानिक निधी लेखापरीक्षेत नोकरी केली, जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतल्या ग्रामपंचायती तपासल्या, आता रिटायर आहे, म्हणून जरा लांबण लावून लिहितो कारण हा प्रश्न तुमच्या एकटीचा नाही.

आधी दोन्ही सल्ल्यांचं सांगतो. सोय वगैरे काही करायची नाही. ऑडिटची जी फी असते ती ग्रामपंचायत रीतसर भरते आणि तिचा खर्च किर्दीला (रोकड वहीला) पडतो, त्यापलीकडे एक रुपया देणं नाही. आणि न वाचता सही तर अजिबात नाही. पण सही करणारच नाही असंही चालणार नाही, आज पदावर तुम्ही आहात, तर रेकॉर्ड समोर ठेवणं आणि अनुपालन (आक्षेपांची उत्तरं) पाठवणं हे काम तुमचं आणि ग्रामसेवकाचं (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) आहे. पैसे ज्याच्या काळात खर्च झाले जबाबदारी त्याची, उत्तर पाठवायची जबाबदारी मात्र आजच्या बॉडीची. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा म्हणजे निम्मी भीती जाईल.

हे ऑडिट नेमकं काय ते बघा. राज्यघटनेच्या 73 व्या दुरुस्तीने कलम 243-जे (इंग्रजीत 243J) आलं, त्यात पंचायतींचे हिशेब आणि त्यांची तपासणी याची तरतूद राज्याने कायद्याने करावी असं आहे. आपल्याकडे महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958 च्या कलम 140 मधे ती आहे, आणि तपासणी करणारं खातं म्हणजे स्थानिक निधी लेखापरीक्षा, ते वित्त विभागाखाली येतं, ग्रामविकास खात्याखाली नाही. खातं वेगळं यासाठी की खर्च करणारे आणि तपासणारे एकाच साहेबाच्या हाताखाली नकोत. त्या खात्याचा कायदा इंग्रजांच्या काळातला, 1930 चा आहे. हे ऑडिट वर्षाचं वर्षाला व्हायला पाहिजे, प्रत्यक्षात कुठं दोन-तीन वर्षांचं एकदम लागतं, तुमच्याकडे बहुतेक तसंच झालं असेल. गावातल्या सीएकडून हिशेब नीट लावून घ्यायला हरकत नाही पण त्याने तपासलं म्हणजे वैधानिक ऑडिट झालं असं होत नाही, कित्येक सरपंच तिथं फसतात.

आता मुद्द्याचं. ग्रामपंचायतीच्या रिपोर्टात जी वसूलपात्र आणि आक्षेपाधीन रकमेची आकडेवारी दिसते आणि पेपरात छापून येते, त्यातला खूप मोठा भाग हा चोरीचा नसतो, कागद दाखवला नाही म्हणून लागलेला असतो. रस्ता गावात उभा आहे, लोक त्यावरून ट्रॅक्टर नेतात, पण मोजमाप पुस्तिका नाही, तर ऑडिटरला ते बिल मान्य करता येत नाही. एका गावात जुने ग्रामसेवक आप्पा माझ्यासमोर कळवळून म्हणायचे, "भाऊ, काम तं व्हयेल शे ना!" काम झालंय हे मलाही दिसत होतं, पण किती झालं, कोणी मोजलं, कुठल्या दराने, हे रस्ता सांगत नाही, वही सांगते. म्हणून ऑडिटरच्या मागं फिरण्यापेक्षा कागदाच्या मागं फिरा, तुमची सगळी ताकद तिकडं लावा.

सुरुवात चार्जपासून, म्हणजे दप्तर ताब्यात घेण्यापासून करा. तुम्हाला दप्तर मिळालं त्याची यादी झाली का? नसेल झाली तर आजच ग्रामपंचायत अधिकाऱ्याला बसवून कपाट उघडा आणि नमुना 1 ते 33 (हिशेबाच्या ठरलेल्या वह्या आणि तक्ते) एकेक करून लिहा, कुठली वही आहे, कुठल्या तारखेपर्यंत लिहिलेली आहे, कुठली नाही. ग्रामपंचायतीने हिशेब कसे ठेवायचे त्याची लेखासंहिता 2011 ची आहे, तेहतीस नमुने त्यातलेच. पावतीपुस्तकं मोजा, वापरलेली आणि कोरी दोन्ही, नंबरासकट. कोरं पावतीपुस्तक गहाळ असणं ही ऑडिटच्या नजरेत फार गंभीर गोष्ट आहे कारण त्या पुस्तकावर कोणी किती पैसे गोळा केले ते कोणालाच सांगता येत नाही. यादी झाली की जे मिळालं नाही ते गटविकास अधिकाऱ्यांना (बीडीओ) लेखी कळवा, विस्तार अधिकारी पंचायत यांना प्रत, आणि पोच घ्या. जुने ग्रामसेवक बदलून दुसऱ्या तालुक्यात गेले असले तरी त्यांना बीडीओमार्फत पत्र जातं आणि दप्तर आणून द्यायला लावता येतं. सरकारी रेकॉर्ड गहाळ करणं हा महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम 2005 खाली गुन्हा आहे, हे पत्रात एका ओळीत लिहिलं तरी बऱ्याच वेळा वह्या सापडतात. ते पोच घेतलेलं पत्र तुमचं संरक्षण. ऑडिटमधे "अभिलेख उपलब्ध करून दिले नाही" असा शेरा येईल तेव्हा तुम्ही दाखवू शकता की आम्हाला मिळालेच नव्हते, अमुक तारखेला कळवलंय. आणि ज्याने यादी न करता चार्ज घेतला त्याच्याकडे हे सांगायला काहीच राहत नाही.

मग किर्द उघडा. नमुना 5 म्हणजे सामान्य रोकड वही. ऑडिटर पहिल्यांदा 31 मार्चचं पान काढतो, त्या दिवसाची शिल्लक आणि पासबुकाची शिल्लक शेजारी ठेवतो. समजा पासबुकात 2,31,300 आहेत आणि किर्दीत 1,84,300, तर 47,000 चा फरक. हा फरक असणं चूक नाही, मोटारवाल्याला 47,000 चा चेक 28 मार्चला दिला आणि त्याने तो एप्रिलमधे टाकला की असा फरक येतो. पण तो कशाचा आहे ते ताळमेळाच्या कागदावर लिहिलेलं पाहिजे, चेक नंबर, तारीख, कधी वटला. तो कागद नसला की 47,000 संशयात. ताळमेळ दर महिन्याला करायचा असतो, लोक ऑडिट लागल्यावर तीन वर्षांचा एकदम करायला बसतात आणि मग बँकेचे चार्जेस, व्याज, परत आलेले चेक, सगळ्याचा गुंता होतो. खाती किती आहेत ते पण बघा, ग्रामनिधीचं, पाणीपुरवठ्याचं, वित्त आयोगाचं, एखादं जुन्या योजनेचं बंद पडलेलं खातं असतं त्यात हजार-दोन हजार पडून असतात, ते किर्दीला नसतात आणि तिथं आक्षेप लागतो. प्रत्येक बँकेकडून 31 मार्चच्या शिल्लकेचा दाखला घेऊन ठेवा.

खर्चात आपल्या भागात सगळ्यात जास्त शक कशावर निघतात तर पाणीपुरवठ्याच्या दुरुस्तीवर. आपल्याकडचा उन्हाळा, एप्रिल-मे मधे बोअरची पातळी खाली, मोटार कोरडी चालते आणि जळते, मग रिवायंडिंग, म्हणजे आतली तार नवी भरणं. हे खरं आहे, रावेर-यावल पासून साक्रीपर्यंत सगळीकडे हेच. पण एकाच मोटारीची वर्षात चार बिलं लागलेली, चारही सारख्याच रकमेची, एकाच दुकानाची, आणि कुठेही नोंद नाही की मोटार कोणत्या तारखेला काढली, कोणी काढली, किती एचपीची, परत कधी बसवली. मी अशी बिलं आली की एकच गोष्ट विचारायचो, जळालेली तांब्याची तार कुठं आहे? रिवायंडिंगमधे जुनी तार निघते, ती ग्रामपंचायतीची मालमत्ता आहे, तिचं वजन होतं, मोडीत विकली तर पैसे जमा झाले पाहिजेत. दुकानदाराने ठेवून घेतली असेल तर बिलात तेवढी वजावट दिसली पाहिजे. ज्या गावात खरोखर मोटार चार वेळा जळाली होती तिथं पाणी सोडणारा शिपाई लगेच सांगायचा, तार कोपऱ्यात पोत्यात बांधून ठेवलीय. त्याची नोंद नव्हती, ती करून घेतली आणि शक लागला नाही. तुम्ही एक साधी दोनशे पानी वही करा, मोटार काढली-बसवली एवढीच, शिपायाची आणि दोन सदस्यांची सही. हा काही तेहतीसातला नमुना नाही, पण हजारोंचा आक्षेप वाचवतो.

तसंच पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर. खरेदीचं बिल असतं, नमुना 15 च्या साठा नोंदवहीत जमा पण असते कधीकधी, पण रोज किती वापरली ते नाही. एलईडी बल्ब, पाईप, कॉक, झाडू, सगळ्याचं तेच. जमा आहे आणि वाटप नाही म्हणजे वस्तू गोदामात असायला पाहिजे, आणि ती गोदामात नाही. टिकाऊ वस्तू, कॉम्प्युटर, खुर्च्या, फवारणी पंप, यांची नोंद नमुना 16 ला.

बांधकामाचं बिल म्हटलं की कागदांची एक साखळी लागते, ठराव, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, पूर्णत्वाचा दाखला, आणि शेवटी ती मालमत्ता नमुना 22 किंवा रस्ता असेल तर 23 ला चढलेली. मधली एक कडी तुटली की आक्षेप. यातही तारखा बघतात. कार्यारंभ आदेश नंतरचा आणि बिल आधीचं असं दिसलं की मग पुढचं सगळं बारकाईने तपासलं जातं. कपातींचं पण लक्षात ठेवा, जीएसटी सोडून अडीच लाखाच्या वरचा करार असेल तर 2 टक्के जीएसटी टीडीएस, आयकर ठेकेदार एकटा असेल तर 1 टक्का आणि फर्म असेल तर 2, बांधकाम कामगार उपकर 1 टक्का, आणि वाळू-मुरुम-खडीची रॉयल्टी. कापलेले पैसे नुसते कापून खात्यात ठेवायचे नाहीत, भरायचे, आणि चलन बिलाला लावायचं. कापले आणि भरले नाहीत अशी कित्येक गावं आहेत, आणि त्यात व्याज-दंड लागला तर तो गावाच्या पैशातून भरायला मिळत नाही, ज्याने उशीर केला त्याच्याकडून वसुली लागते.

जमेच्या बाजूला नमुना 8, 9 आणि 10 एकमेकाला जुळले पाहिजेत. 8 ला आकारणी, 9 ला मागणी, 10 च्या पावतीने वसुली. वर्ष संपताना ज्याची घरपट्टी राहिली ती पुढच्या वर्षीच्या 9 ला मागील बाकी म्हणून ओढायची, इथं गडबड फार होते, बाकी ओढताना घरं गळतात आणि गावाचं कायमचं नुकसान होतं. निवडणुकीचा फॉर्म भरायच्या वेळी थकबाकी नाही असा दाखला घेतात तेव्हा झालेली वसुली तर खास तपासली जाते, दाखला दिलाय पण पावती नाही असं सापडतं. बाजार आणि यात्रेचं उत्पन्न नमुना 11 च्या किरकोळ मागणीला येतं. सारंगखेड्याच्या घोडेबाजाराएवढी मोठी यात्रा सोडा, साध्या गावच्या यात्रेत पण पाळणेवाले, खेळणीवाले, हॉटेलवाले येतात, आठवडे बाजाराचा लिलाव होतो. लिलावाची नोटीस, बोलीचा कागद, अनामत, करारनामा आणि पूर्ण रक्कम भरल्याची पावती एवढं एकत्र बांधून ठेवा. लिलाव 60,000 ला गेला आणि जमा 40,000 च झाले, ठेकेदार गावातलाच म्हणून कोणी मागितले नाहीत, आणि दोन वर्षांनी ती 20,000 ची वसुली सरपंच आणि ग्रामसेवकावर निघाली, हे मी बघितलेलं आहे.

स्वउत्पन्नातल्या राखीव खर्चाकडे बहुतेक ग्रामपंचायती दुर्लक्ष करतात. 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याण, 5 टक्के दिव्यांग. समजा तुमचं स्वतःचं उत्पन्न 4 लाख, तर 60,000 आणि 40,000 आणि 20,000, मिळून 1,20,000 त्याच कामाला गेले पाहिजेत. नाही गेले तर तो अनुशेष पुढच्या वर्षी चढतो आणि दर ऑडिटला वाढत जातो. मला वाटतं यात वसुलीच्या भीतीपेक्षा हक्काचा विचार करावा, गावातल्या दिव्यांग माणसाचे 20,000 हे त्याचे आहेत, पथदिव्यात खर्च करायला कोणाचे नाहीत. जिल्हा ग्रामविकास निधीची 0.25 टक्के वर्गणी रक्कम छोटी असते पण ती राहिली की शक लागतोच, भरून टाका.

आता वित्त आयोग. 2021-26 च्या 15 व्या वित्त आयोगाच्या पैशाची वाटणी आपल्याकडे अशी, 80 टक्के थेट ग्रामपंचायतीला, पंचायत समितीला 10 आणि जिल्हा परिषदेला 10. यातला 60 टक्के बंधित, म्हणजे निम्मा पाण्यावर आणि निम्मा स्वच्छतेवर, आणि 40 टक्के अबंधित, पण अबंधित म्हणून त्यातून पगार काढता येत नाही. 2023-24 पासून केंद्राची अट अशी की ज्या पंचायतीचे मागच्या वर्षाचे तात्पुरते हिशेब आणि त्याच्या आधीच्या वर्षाचे ऑडिट झालेले हिशेब ऑनलाईन लोकांना बघायला आहेत तिलाच अनुदान. म्हणजे 2024-25 च्या पैशासाठी 2023-24 चे तात्पुरते आणि 2022-23 चे तपासलेले हिशेब पाहिजेत. तेव्हा ऑडिट ही काही वरून लादलेली कटकट समजू नका, त्यावर गावाचं पाण्याचं काम अवलंबून आहे. ईग्रामस्वराज या पंचायतींच्या ऑनलाईन हिशेबाच्या पोर्टलवर महिन्याचं आणि वर्षाचं पुस्तक क्लोज झालंय का ते ऑपरेटरला विचारा, नुसतं "झालं" म्हटलं तर स्क्रीनवर दाखवायला सांगा. डीएससी (डिजिटल सही) स्वतःजवळ ठेवा, ऑपरेटरच्या खणात ठेवलेली डीएससी म्हणजे सह्या केलेलं कोरं चेकबुक त्याच्या हातात दिल्यासारखं आहे, पेमेंट झालं की ते तुमच्याच सहीचं धरलं जातं. ऑडिटऑनलाईन या पोर्टलवर आक्षेप येतात आणि उत्तर पण तिथंच टाकावं लागतं, तर तिथला लॉगिन कोणाकडे आहे हेही माहीत करून घ्या.

जुने शक. मागचा रिपोर्ट काढा, नसेल तर पंचायत समितीत प्रत मिळते. प्रत्येक शकासमोर लिहा, वर्ष कुठलं, सरपंच कोण, ग्रामसेवक कोण, रक्कम किती आणि कागद नाही म्हणून आहे का खरंच पैसा गेलाय म्हणून आहे. कागदाचे जे आहेत ते शोधून, प्रमाणित प्रत जोडून, मासिक सभेत ठराव घेऊन अनुपालन पाठवा, यातले पुष्कळ निघून जातात. "यापुढे दक्षता घेण्यात येईल" एवढंच उत्तर लिहून पाठवतात, तसं करू नका, त्याने शक मिटत नाही, पुरावा लागतो. नमुना 30 ची आक्षेप पूर्तता नोंदवही यासाठीच आहे, तीत चढवा. ज्यात खरी वसुली आहे त्यात आधीच्या सरपंच आणि ग्रामसेवकाच्या नावाने नोटीस काढायला बीडीओंना लिहा, रक्कम साधारणपणे दोघांवर निश्चित होते. गावात वाईटपणा येईल, जुने सरपंच नात्यातले असतील, हे मला कळतं. तरी पत्र पाठवा. तुम्ही गप्प राहिल्या तर उद्या पाठीशी घातल्याचा ठपका तुमच्यावर येऊ शकतो.

आणि एक गोष्ट कायद्यात सरळ लिहिलेली आहे पण होत नाही. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 8 प्रमाणे आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेत वार्षिक हिशेब आणि शेवटचा ऑडिट रिपोर्ट त्याला दिलेल्या उत्तरांसह ठेवायचा असतो. तुम्ही ठेवा. नुसता "वाचून दाखवला" असा ठराव नको, खरंच वाचा, मराठीतच असतो तो. लोकांसमोर एकदा आलं की जुनं कोणाचं आणि नवं कोणाचं हे गावाला आपोआप समजतं, आणि कित्येकदा ग्रामसभेतच कोणीतरी उठून सांगतं की ती वही अमक्याच्या घरी आहे.

ऑडिटच्या दिवशी स्वतः हजर राहा, मिस्टरांना पाठवू नका. समजत नसेल तिथं विचारा, चांगला ऑडिटर समजावून सांगतो. प्राथमिक आक्षेपाचा कागद हातात आला की त्याच मुक्कामात जेवढे कागद देता येतील तेवढे द्या, तिथं मिटलेला मुद्दा रिपोर्टात जात नाही. अंतिम रिपोर्टात गेल्यावर तोच मुद्दा काढायला वर्षं लागतात.

तुमच्या तालुक्यातली काही गावं पेसात (आदिवासी क्षेत्रातल्या पंचायतींच्या कायद्यात) येतात. तुमचं गाव त्यात असेल तर आदिवासी उपयोजनेतला जो 5 टक्के अबंध निधी येतो तो ग्रामसभा कोष समितीच्या वेगळ्या खात्यात असतो, त्याची किर्द वेगळी, प्रमाणकं (व्हाउचर) वेगळी, आणि खर्चाला ग्रामसभेचा ठराव लागतो, मासिक सभेचा चालत नाही. ग्रामनिधीत पैसे कमी पडले म्हणून त्या खात्यातून उसने घेतले असतील तर ऑडिटर यायच्या आधी तो व्यवहार ठरावासकट शोधून ठेवा. कुठल्या वर्षांचं ऑडिट लागलंय आणि जुन्या रिपोर्टात किती शक आहेत ते कळवा, त्यातले वसुलीचे कुठले आणि कागदाचे कुठले हे वेगळं करायला मी मदत करतो.